पोटात आहे तोवर

बाळ पहिल्यांदा हललं तेव्हा मी कामावर होते. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये एका सिंधी बाईंचा जीन्सचा कारखाना आहे. खाली दुकानं आणि वरच्या मजल्यावर शिलाई मशिनी, असा. तिथे मी चेकिंगला होते. शिवून आलेली पँट उलटीसुलटी करून बघायची, सुटलेले धागे कापायचे, कुठे टाका चुकला असेल तर बाजूला टाकायची. त्या दिवशी दुपारी लाईट गेली आणि सगळ्या मशिनी एकदम बंद पडल्या. त्या घरघरीची इतकी सवय झालेली असते की ती थांबली की कान बधिर झाल्यासारखे वाटतात. आणि त्या शांततेत माझ्या ओटीपोटात कुणीतरी आतून हलकेच टिचकी मारली.

मला आधी गॅस वाटला. सकाळी वाटाण्याची उसळ खाल्ली होती. मग परत झालं. मालकीणबाईंना आम्ही सगळ्या भाभी म्हणायचो. त्यांना सांगितलं तर त्या हसल्या आणि मला स्वतःच्या खुर्चीवर बसवून म्हणाल्या, "ये गॅस नहीं है बेटा. अब रोज आएगा ये, देखना."

आणि खरंच रोज यायला लागलं. लग्नानंतर बरीच वर्षं मला दिवस राहिले नव्हते. मध्ये एकदा राहिले आणि तिसऱ्याच महिन्यात गेले. त्यामुळे या खेपेला मी कुणाशी फारसं बोलत नव्हते, कौतुक करून घेत नव्हते. पण बाळाने स्वतःच ओळख द्यायला सुरुवात केल्यावर मला गप्प राहणं जमेना.

त्याचा एक दिनक्रम होता. सकाळचा चहा प्यायले की थोडा वेळ हलायचं. मग अंबरनाथहून शेअर रिक्षात बसले की झोपायचं. रस्त्यात कितीही खड्डे असोत, त्याला काही नाही. कारखान्यात मशिनी चालू असल्या की ते गाढ असायचं. लाईट गेली की जागं. माझ्या शेजारी बसणारी धागा कटिंगची बाई म्हणायची, हा मोठा होऊन टेलरमास्तरच होणार, मशीन बंद पडलेली याला खपत नाही. डबा खाल्ल्यावर एकदा कूस बदलायचं. आणि संध्याकाळी घरी, माझ्या सासूबाई बुद्धवंदना म्हणायला बसल्या की त्याची खरी धावपळ सुरू व्हायची. सासूबाईंचा आवाज घोगरा आणि मोठा आहे. त्या त्रिशरण म्हणायच्या आणि इकडे माझ्या उजव्या बरगडीखाली एक पाय ताणला जायचा. अगदी सरळ, आळस दिल्यासारखा. मी हाताने तो हळूच आत ढकलायची, की थोड्या वेळाने पुन्हा तिथेच. सासूबाई म्हणायच्या, वंदनेला बसतंय ते, उठवू नकोस.

माझा नवरा एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत लेथवर आहे. दर आठवड्याला त्याची शिफ्ट बदलते. त्यामुळे बाळाचा आणि त्याचा मेळ बसायचा नाही. बाळ हलायला लागलं की मी त्याला हाक मारायची. तो हात पुसत धावत यायचा, पोटावर हात ठेवायचा, आणि बाळ गप्प. कितीही वेळ थांबला तरी गप्प. हात काढला की परत सुरू. "माझ्याशी कट्टी आहे याची," असं म्हणून तो उठायचा. एका रविवारी जेवणं झाल्यावर मात्र त्याच्या तळव्याखाली बाळ लागोपाठ दोनदा जोरात हललं. त्याने झटका बसल्यासारखा हात मागे घेतला, मग परत ठेवला. नंतर आत जाऊन त्याने सासूबाईंना सांगितलं, आणि खाली जाऊन बहुतेक अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं.

आठव्या महिन्यात आमच्या अंबरनाथच्या डॉक्टरांनी वाढ बघायला म्हणून सोनोग्राफी करायला सांगितली. आधीची पाचव्या महिन्यातली नीट होती, म्हणून मी एकटीच गेले. तपासणारा डॉक्टर सुरुवातीला बोलत होता, मग बोलायचा थांबला. बराच वेळ तो एकाच जागी यंत्र फिरवत राहिला. म्हणाला, हृदय मोठ्या हॉस्पिटलात दाखवून घ्या. मी विचारलं, काय झालंय? तो म्हणाला, तेच नीट सांगतील.

मग आम्ही दोघं मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टर बाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी घाई केली नाही. एका कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. डावी बाजू वाढलीच नव्हती, जवळजवळ नव्हतीच म्हणा. उजवीवर भागवता येतं, काही बाळांची ऑपरेशनं होतात. पण आमच्या बाळाची उजवीकडची झडपही नीट मिटत नव्हती. त्यामुळे ऑपरेशनचा उपयोग होणार नाही, असं त्या म्हणाल्या. आधीच्या सोनोग्राफीत कसं दिसलं नाही, असं नवऱ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, कधी कधी हे नंतर वाढत जातं, तेव्हा खरंच दिसलं नसेल.

हे सगळं चाललं होतं तेव्हा बाळ हलत होतं. मी त्यांना तेच सांगितलं. म्हटलं, "पण हे तर रोज चांगलं हलतंय. आतासुद्धा हलतंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हलणारच. आत त्याला काही त्रास नाही. तुमच्या पोटात आहे तोवर ते ठीक आहे. प्रश्न जन्मल्यानंतरचा आहे."

जन्मल्यानंतर किती, हे नवऱ्याने विचारलं. काही तास, काही दिवस, नक्की सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. दिवस बरेच भरत आले होते, तरी आमची इच्छा असेल तर गर्भ काढण्यासाठी अर्ज करता येईल, डॉक्टरांची समिती ठरवेल, हेही त्यांनी सांगितलं. आम्ही विचार करून सांगतो म्हणालो आणि बाहेर आलो.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. नवऱ्याने त्यांना सांगितलं. त्या खाली बसल्या आणि बराच वेळ साडीचा पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी वंदना मनातल्या मनात केली. आवाज आला नाही म्हणून असेल, बाळही त्या वेळी शांत होतं. पण मी आडवी झाले आणि उजव्या बरगडीखाली तो पाय आला.

दुसऱ्या दिवशी नवरा कामाला गेला नाही. सासूबाई बाजारात गेल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "आपण अर्ज करू."

मी म्हटलं, नाही.

"शेवट तोच आहे. मग रोज हे हलताना बघायचं कशाला? तू तरी किती सहन करशील?"

तो वाईट बोलत नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याचं म्हणणं चूक आहे असंही मला वाटत नव्हतं. फक्त ते मला करता येणार नव्हतं. मी म्हटलं, "आत ते ठीक आहे. मी त्याला आतून कसं काढू?"

उठून त्याने गॅलरीतले कपडे काढून आणले आणि घड्या घालत बसला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून त्याने माझ्या पोटावर हात ठेवला नाही. पूर्वी मी कुशीवर वळले तरी त्याचा हात यायचा. आता तो भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. मीही त्याला हाक मारायचं सोडून दिलं. बाळ हललं की मी एकटीच हात ठेवून बसायची.

मी कामावर जात राहिले, कारण घरी बसून काय करणार? भाभींना तेवढं खरं सांगितलं. त्यांनी मला मशिनींपासून लांब, खिडकीपाशी बसवलं आणि बाकीच्यांना काही सांगितलं नाही. त्यामुळे बाकीच्या पूर्वीसारख्याच बोलायच्या. पोट खाली आलंय, मुलगा असेल, मुलगी असेल. रिक्षात अनोळखी बायका सरकून जागा द्यायच्या आणि कितवा महिना म्हणून विचारायच्या. मी सांगायची. त्या खूश व्हायच्या. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आपण यांना फसवतोय.

अंबरनाथच्या दवाखान्यात तपासणीला गेले की नर्स नेहमीप्रमाणे विचारायची, "हालचाल बरोबर आहे ना?" मी म्हणायची, हो. ती लिहून घ्यायची. बाहेर भिंतीवर लावलेलं होतं की जेवणानंतर डाव्या कुशीवर झोपून बाळाच्या हालचालींकडे लक्ष द्या, कमी वाटल्या तर लगेच या. एकदा मी डॉक्टरांना विचारलं, मीसुद्धा लक्ष द्यायचं का? त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, तुला द्यावंसं वाटतं ना, मग दे.

माझं माहेर चामटोलीचं. बदलापूरच्या पुढे. वडील नाहीत, आई एकटीच असते, भातशेती आहे थोडी. आईला मी काही कळवलं नव्हतं. तिने डोहाळजेवण ठरवलं होतं आणि आळीत सगळ्यांना सांगूनही झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, काहीतरी कारण सांगून रद्द करू. पण मला कारण सुचेना, आणि फोनवर आईचा आवाज ऐकला की मी दुसरंच काहीतरी बोलत बसायची. शेवटी सासूबाईंना घेऊन गेले.

आईने अंगण सारवून घेतलं होतं. मला हिरवी साडी नेसवली, हिरव्या बांगड्या भरल्या. आळीतल्या बायका जमल्या होत्या. एकीने बर्फी आणि पेढा वाट्यांखाली झाकून ठेवला आणि मला एक वाटी उचलायला लावली. मी उचललेल्या वाटीखाली पेढा निघाला. मुलगा, मुलगा म्हणत सगळ्या हसल्या. एवढा गलका, त्यात गाणी, त्यामुळे बाळ जागं झालं आणि असं हलायला लागलं की साडीवरून दिसत होतं. शेजारच्या काकूंनी बोट दाखवलं तशी आई पुढे आली, तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि तिचा चेहरा उजळला.

"हालतोय बघ कसा. दांडगा हाय गं," ती सगळ्यांना सांगत होती. मग एकेकीने येऊन हात ठेवला. आणि कुणाच्याच हाताखाली ते थांबलं नाही. मी हसत होते. फोटोतसुद्धा मी हसतेच आहे.

बायका गेल्यावर आई साडीची घडी घालायला बसली. सासूबाई बाहेर ओट्यावर होत्या. मी आईच्या शेजारी बसले आणि सांगून टाकलं. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने. घडी अर्धवट तिच्या मांडीवर तशीच राहिली.

मग आईने विचारलं, "मंग मगाशी हालला तो?"

म्हटलं, "आत ते बरं आहे, आई. आत त्याला काही होत नाही."

"त्याला ठावं नाय," आई म्हणाली.

"नाही."

तिने घडी बाजूला ठेवली, मला जवळ ओढलं आणि पोटावर हात ठेवला. अंधार पडेपर्यंत तो हात तिथेच होता. त्यानंतर ती माझ्यासोबत अंबरनाथलाच आली आणि बाळंतपणाला थांबली.

नववा महिना लागल्यावर एक सकाळ अशी आली की चहा झाला तरी बाळ हललं नाही. मी थोडी थांबले. परत गरम चहा प्यायले. साखरेचं पाणी प्यायले. डाव्या कुशीवर झोपले. उजवीकडची ती जागा बोटांनी दाबून बघितली, जिथे नेहमी पाय असायचा. काही नाही. सासूबाईंनी जवळ बसून मोठ्याने वंदना म्हटली, त्या वेळी कधी म्हणत नसत तरी म्हटली. काही नाही. नवरा रात्रपाळी करून नुकताच झोपला होता. आईने त्याला उठवलं. मला वाटलं होतं, तो म्हणेल की आता जाऊन काय फरक पडणार आहे. पण त्याने चपलासुद्धा घातल्या नाहीत. तसाच खाली धावला आणि रिक्षा घेऊन आला.

दवाखान्यात नर्सने यंत्र लावलं. एका बाजूला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या बाजूला लावलं आणि ठोके ऐकू यायला लागले, घोडा धावल्यासारखे. नवरा दाराशी अनवाणी उभा होता. तो तिथेच खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. नर्सला वाटलं आनंदाने रडतोय. तसं ते आनंदानेच होतं. मलाही झाला होता. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि लगेच दोघांनीही नजर फिरवली. कशाचा आनंद झाला होता आम्हाला? काय वाचलं होतं? रिक्षात परत येताना बाळ हलायला लागलं. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं. आणि बाहेर बघत राहिला.

कळा सुरू झाल्या तेव्हा मला वाटत होतं, पाय घट्ट मिटून घ्यावेत आणि त्याला येऊच देऊ नये. हे मी मोठ्याने बोलले असेन, कारण प्रसूती करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, असं म्हणू नको, थोडा जोर दे. मी शेवटपर्यंत मनापासून जोर दिला नाही. तरी ते आलं.

मुलगी होती. ती रडली. तिचा रंग चांगला होता, केस दाट होते, आणि तिच्याकडे बघून कुणालाही काही वाटलं नसतं. हॉस्पिटलने आमचं ऐकलं आणि तिला नळ्या न लावता माझ्याजवळच राहू दिलं. पहिल्या दिवशी ती दूधही प्यायली थोडं. दुपट्यातून बाहेर काढल्यावर तिने उजवा पाय ताणला, अगदी सरळ, आळस दिल्यासारखा. मी तो ओळखला. बोटांनी हळूच ढकलला, तर तिने परत ताणला. मी आईला म्हटलं, हाच तो पाय. आईने तळव्याला बोट लावलं आणि ती खोलीबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ती निळसर पडायला लागली आणि दूध घेईना. हलणं कमी कमी होत गेलं. आधी पाय थांबले, मग हात. श्वास तेवढा भराभर चालला होता. नवरा पलंगाच्या कडेला बसला होता. मी तिला त्याच्याकडे दिली, तो नाही म्हणत होता तरी दिली. दुपार उतरली तेव्हा ती त्याच्याच हातात होती.

तिला पुरायला पुरुषच गेले. जागा मी अजून बघितलेली नाही. आधी बाळंतीण म्हणून नेलं नाही, आणि नंतर कुणी चल म्हणालं नाही, मीही म्हणाले नाही.

दूध यायचं थांबेपर्यंत आईने छातीला फडकं बांधलं. ती गावी परत गेली. मी दीड-दोन महिन्यांनी कामावर जायला लागले. आणि तेव्हाच ते सुरू झालं. पोटात कुणी नव्हतं, तरी मला हललेलं कळायचं. धागे कापताना, रिक्षात, भांडी घासताना. इतकं खरं असायचं की हात आपोआप तिथे जायचा. डॉक्टर म्हणाल्या, काही बायकांना होतं असं, आतड्यांची हालचाल असते, शरीराची सवय असते, जाईल. त्यांच्याखेरीज मी कुणालाच सांगितलं नाही. मला ते जायला नको होतं. पण ते गेलंच. नक्की कधी गेलं, तेही कळलं नाही. बरेच दिवस झालं नाही, एवढंच एकदा लक्षात आलं.

सासूबाई आता दुसऱ्या बाळाचा विचार करा म्हणतात, हळू आवाजात, मला राग येणार नाही अशा बेताने. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. नवरा तर त्या बोलायला लागल्या की उठून जातो. आम्ही दोघं भांडत नाही. बाजारहाट, गॅसचं बुकिंग, त्याची शिफ्ट, एवढं बोलतो.

मागच्या पावसाळ्यात एकदा, तो दुपारच्या पाळीला निघाला होता, मी त्याचा डबा भरत होते. मागे उभा राहून तो म्हणाला, "तेव्हा मी हात ठेवायला पाहिजे होता."

मी भाजी भरत राहिले.

"कसं लागायचं गं?" त्याने विचारलं. "हाताला म्हणजे नाही. तुला, आतून?"

मी आठवून बघितलं. टिचकीसारखं, असं मी सगळ्यांना सांगत आले होते, पण तो फक्त शब्द उरला होता. ते जाणवायचं कसं, ते मला पकडता येईना. पोटावर हात ठेवला तरी तिथे काही नव्हतं, नुसतं माझं पोट.

"आता नीट आठवत नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. डबा पिशवीत घातला आणि तो कामाला गेला.